नावानिशी बसा, हक्काने जेवा

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमध्ये, विहारांच्या ओट्यावर आणि कार्यकर्त्यांच्या बैठकींत एक वाद वारंवार ऐकू येतो. कुणाची मुलगी न्यायाधीश झाली, कुणाचा मुलगा एम.डी. झाला, कुणाच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, की ते कुटुंब आता मोठ्या पंचतारांकित हॉटेलात जेवायला जाते. पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथपाशी बसून काढलेला फोटो मोबाईलवर फिरतो आणि लगेच दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, बाबासाहेबांच्या पुण्याईने हे दिवस आले, खाऊ द्या की पोरांना! दुसरी बाजू म्हणते, पोट भरले की माणसे चळवळ विसरतात. त्या एका ताटाच्या पैशात वस्तीतल्या चार मुलांची पुस्तके आली असती.

दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. परंतु दोघांचीही नजर ताटाच्या किमतीवर खिळलेली आहे. महाग ताट खावे की न खावे, एवढ्यावरच वाद घुटमळतो. खरा प्रश्न निराळा आहे. त्या टेबलावर आपण कोण म्हणून बसतो? पैसे मोजणारे गिऱ्हाईक म्हणून, कुणीतरी मोठ्या मनाने आत घेतलेला पाहुणा म्हणून, की या देशाचा समान नागरिक म्हणून? या प्रश्नाचे उत्तर नीट दिले तर वर सांगितलेला वाद आपोआप निकालात निघतो, असे माझे मत आहे.

हॉटेल : आपल्यासाठी नुसते खाण्याचे ठिकाण नव्हते

इतरांच्या दृष्टीने हॉटेल म्हणजे भूक भागवण्याची किंवा चैनीची जागा. आपल्या समाजाच्या दृष्टीने मात्र हॉटेल हे कायम माणुसकीच्या मोजमापाचे ठिकाण राहिले. गावातल्या चहाच्या हॉटेलाबाहेर वळचणीला आपल्या लोकांसाठी ठेवलेला कान तुटलेला कप ज्यांनी पाहिला, ती पिढी अजून हयात आहे. तो कप आपणच उचलायचा, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, पुन्हा आपणच विसळून जागेवर ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांइतकेच मोजायचे! दक्षिणेत याच प्रकाराला दोन पेल्यांची पद्धत म्हणतात. चहा एकाच किटलीतला आणि दूध एकाच म्हशीचे. कपाला मात्र जात होती.

म्हणूनच या अन्यायाविरुद्धच्या लढाईत हॉटेलाला मानाचे स्थान आहे. कोल्हापुरात राजवाड्यातील पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी काय दिले? नुसते सांत्वन दिले नाही, चहाचे हॉटेल काढून दिले. 'सत्यसुधारक' हे त्या हॉटेलाचे नाव. छत्रपती आपली गाडी तेथे थांबवत, गंगारामच्या हातचा चहा पीत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजत. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते, ते एका कपबशीने केले.

बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव तर आपल्या प्रत्येक घरात सांगितला पाहिजे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा तरुण विद्वान १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेला. उतरायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात दिवसाला दीड रुपया दराने राहण्या-जेवण्याची सोय झाली, पण एका अटीवर : वहीत पारशी नाव लिहायचे. म्हणजे ज्याची विद्वत्ता अमेरिकेने मान्य केली, त्याला स्वतःच्या देशात दोन घास खाण्यासाठी स्वतःचे नाव झाकावे लागले. तेही फार दिवस चालले नाही. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान देऊन गेला. बाबासाहेब सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. वाचकहो, त्या वहीतले ते खोटे नाव लक्षात ठेवा. आजच्या विषयाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

आणि महाड! १९ आणि २० मार्च १९२७. चवदार तळ्याच्या पाण्याची गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट बजावून सांगितली होती : मेलेल्या जनावराचे मांस सोडा आणि दुसऱ्याच्या दारातले उष्टे खाणे सोडा. पाण्याचा हक्क मागताना त्यांनी अन्नाचा स्वाभिमानही त्याच दिवशी शिकवला. आणि तळ्यावरून परतलेल्या प्रतिनिधींवर सनातन्यांनी हल्ला केला, तेव्हा काही जण मंडपात जेवत होते. हल्लेखोरांनी ते अन्न मातीत मिसळले. कारण उघड आहे. पाणी पिणारा आणि मान ताठ ठेवून पंगतीला बसणारा अस्पृश्य त्यांना सारखाच सलत होता.

कायद्याच्या पुस्तकात हॉटेल कसे आले?

या पार्श्वभूमीवर भारतीय संविधानाचे कलम १५ काढून पाहावे. त्याच्या दुसऱ्या पोटकलमात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले व करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश करण्यास मज्जाव करता येणार नाही. जगातल्या एका मोठ्या राष्ट्राच्या मूलभूत कायद्यात 'हॉटेल' हा शब्द का यावा? घटना म्हणजे संसद, राष्ट्रपती, न्यायालये यांचा दस्तऐवज. त्यात चहाच्या दुकानाचे काय काम? ज्यांनी वळचणीचा कप पाहिला नाही त्यांनाच हा प्रश्न पडेल.

संविधान सभेत या कलमाच्या मसुद्यावर २९ नोव्हेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही मंजूर झाले. दुकान या शब्दाचा अर्थ काय, असे सभासदांनी विचारले तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की, हा शब्द नुसता आत पाऊल टाकण्यापुरता नाही. अटी मान्य असतील तर तेथे मिळणारी सेवाही मागता आली पाहिजे, असा त्याचा व्यापक अर्थ आहे. हा खुलासा फार मोलाचा आहे. म्हणजे दारातून आत घेतले आणि कोपऱ्यात बसवून ठेवले, तर ते पुरेसे नाही. सेवाही सारखीच मिळाली पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मूलभूत हक्क बहुतांशी सरकारविरुद्ध असतात. हे पोटकलम मात्र खाजगी हॉटेलमालकालाही बांधते. अमेरिकेसारख्या देशाला हे साधायला बराच उशीर झाला. नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे १ फेब्रुवारी १९६० रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या खानावळीच्या काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. मिळाली नाही, पण ते उठलेही नाहीत. त्या बैठकीतून देशभर आंदोलन पेटले आणि अखेर २ जुलै १९६४ रोजी तेथे नागरी हक्क कायदा आला. बर्मिंगहॅम शहरातील ऑलीज बार्बेक्यू नावाच्या उपाहारगृहाने त्याला आव्हान दिले. हे उपाहारगृह १९२७ साली, म्हणजे आपल्या महाडच्या वर्षी सुरू झालेले. त्याच्या कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते. पण कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून खाण्यास मनाई, खिडकीतून घेऊन जावे! तेथील सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी मालकाचा दावा फेटाळला. आपल्याकडे हा हक्क २६ जानेवारी १९५० पासून संविधानात आहे. हे कुणाच्या दूरदृष्टीमुळे, ते वेगळे सांगायला नको.

संविधानापाठोपाठ १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला आणि १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. त्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे हा गुन्हा आहेच, शिवाय तेथे सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. तो तुटका कप कायद्याच्या पुस्तकात असा नोंदला गेला आहे! कलम १२ तर वकिलांनीसुद्धा पुन्हा वाचावे असे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले, असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. कलम ८ खाली धंद्याचा परवाना रद्द किंवा निलंबित करण्याचा आदेश देता येतो. शिक्षा मात्र एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड इतकीच. आजच्या पंचतारांकित हॉटेलात पाचशे रुपयांत कदाचित एक वाटी सूपही येणार नाही. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने सार्वजनिक ठिकाणी प्रवेश अडवणे आणि तेथील भांडी वापरू न देणे यांसाठी सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद केली. ही हत्यारे आपल्याजवळ आहेत. ती गंजू देऊ नयेत.

दारातला दरवान आणि कायद्याची हद्द

आता अलीकडचा एक अनुभव सांगतो. माझ्या कार्यालयात उमेदवारी केलेली एक मुलगी स्पर्धा परीक्षेतून दिवाणी न्यायाधीश झाली. तिचे वडील महापालिकेतले निवृत्त सफाई कामगार. पहिल्या पगारात तिने आईवडिलांना, भावाला आणि मला मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात जेवायला नेले. टेबल राखून ठेवण्यासाठी फोन केला तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, नुसतं नाव सांग. आडनाव कशाला?" तिने आडनाव सांगितले. पलीकडच्याला नीट ऐकू गेले नाही, म्हणून अक्षर अक्षर सुटे करून पुन्हा सांगितले. मला बडोद्याची ती वही आठवली. शंभर वर्षांत आपण किती चाललो, हे त्या फोनवर समजले.

दारात मात्र दरवानाने तिच्या वडिलांना थांबवले. अंगात स्वच्छ पांढरा सदरा, पायात चपला. "ड्रायव्हर लोकांची बसायची सोय मागच्या बाजूला आहे," तो म्हणाला. ते शांतपणे म्हणाले, "मी या पोरीचा बाप आहे. आणि ड्रायव्हर असतो, तरी तिच्याच टेबलावर बसलो असतो." आतून व्यवस्थापक धावत आला, माफी मागितली, आम्ही आत गेलो.

मी कायद्याचा माणूस. आत बसल्यावर डोक्यात एकच विचार : या प्रसंगाला कोणते कलम लागते? त्याने जात विचारली नव्हती. आडनाव त्याला माहीत नव्हते. त्याने पाहिले ते कपडे, चपला आणि उन्हात रापलेला चेहरा. कलम १५ मध्ये जात आहे, धर्म आहे, लिंग आहे; गरिबी नाही, चपला नाहीत. येथेच नवा दरवान उभा आहे. जुना दरवान जात विचारून हाकलत असे. नवा दरवान कपडे, भाषा आणि वळण पाहून हाकलतो. या देशात कुणाच्या पायात चपला आणि कुणाच्या पायात बूट असतात, हे बहुधा जातीनेच ठरवलेले असल्यामुळे शेवटी दाराबाहेर राहणारा माणूस बराचसा तोच असतो.

हा एकट्या एका हॉटेलाचा प्रश्न नाही. जून २०१६ मध्ये दिल्लीत एक महिला पतीच्या वाढदिवसानिमित्त रस्त्यावरच्या मुलांना घेऊन कॅनॉट प्लेसमधील उपाहारगृहात गेली, तर त्या मुलांना जेवण देण्याचे नाकारल्याची तक्रार झाली आणि दिल्ली सरकारला चौकशीचे आदेश द्यावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील एका नामवंत उपाहारगृहाने एका महिलेसोबत आलेल्या तिच्या वाहनचालकाला टेबल नाकारल्याचे प्रकरण गाजले. जुलै २०१४ मध्ये तर चेन्नईतील एका क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच धोतर नेसले म्हणून आत सोडले नाही! त्या वेळी मात्र तमिळनाडू विधानसभेने पुढच्याच महिन्यात कायदा करून पारंपरिक पोशाखावरून सार्वजनिक ठिकाणी अडवण्यास बंदी घातली. न्यायमूर्ती अडवले गेले तर महिन्यात कायदा होतो. वाहनचालक अडवला गेला तर चार दिवस बातमी होते.

'प्रवेशाचा हक्क राखून ठेवला आहे' अशी पाटी अनेक बड्या हॉटेलांत लावलेली असते. ती वाचून आपली माणसे दबकतात. दबकण्याचे कारण नाही. त्या पाटीच्या वर संविधान आहे. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला मालक अडवू शकेल. जात, धर्म किंवा लिंग पाहून अडवू शकणार नाही.

साधे पाणी

आत बसलो आणि पहिला प्रश्न आला : "पाणी कुठले देऊ, बाटलीचे की साधे?" या हॉटेलांत हा प्रश्न अशा सुरात विचारतात, की साधे म्हणायला जीभ कचरते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, हॉटेलात बाटलीचे पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते. म्हणजे प्रश्न वाटतो तितका निरागस नाही. मुलीच्या भावाने "बाटलीचे" म्हणायला तोंड उघडले, तेवढ्यात वडील म्हणाले, "साधं द्या बाळा, सगळे पितात ते."

सगळे पितात ते पाणी! ज्या समाजाने सर्वांचे पाणी प्यायला मिळावे म्हणून महाडला डोकी फोडून घेतली, त्या समाजातल्या मुलाला सर्वांचे पाणी मागायची लाज वाटावी, ही गुलामीची नवी तऱ्हा आहे. काटा-चमचा कुठल्या हातात, रुमाल कुठे अंथरायचा, मेनूकार्डावरच्या फ्रेंच नावाचा उच्चार कसा, या भीतीने घामाघूम होऊन जेवणारी आपली शिकलेली पोरे मी पाहिली आहेत. काटा-चमचा वापरायला शिकावे, त्यात वाईट काही नाही. बाबासाहेबांनी जगातले उत्तम ते सारे आत्मसात केले. पण हाताने जेवलो तर आपण कमी ठरतो, ही समजूत टाकून द्यावी. पदार्थ कळला नाही तर विचारावे. विचारणारा अडाणी नसतो.

मेनूकार्डाविषयीही एक सांगतो. त्यात नबाबांचे खाणे असते, राजेरजवाड्यांचे असते, अलीकडे पेशवाई थाळीही असते. आपल्या आजीने टंचाईत, दुष्काळात, रानभाज्या आणि चान्यांवर जे स्वयंपाकशास्त्र उभे केले, ते कुठे दिसत नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, तेव्हा कुठे हे अन्न छापील पानावर सन्मानाने आले. कुणाच्या खाण्याला संस्कृती म्हणायचे आणि कुणाच्या खाण्याला किळस, हे ठरवणारी व्यवस्था मेनूकार्डातही बसलेली असते. ते ओळखून जेवावे. मग चवीने जेवायला हरकत नाही.

मागचे दार

जेवण झाले. ताटे उचलायला विशीतला एक मुलगा आला. मुलीच्या वडिलांनी त्याला गाव विचारले. जालना जिल्ह्यातला निघाला. किती वाजता येतोस? सकाळी अकराला. जातोस कधी? रात्री एकला. कायम आहेस का? "नाही आजोबा, कंत्राटी." निवृत्त कामगाराने त्यावर मान हलवली. कायम आणि कंत्राटी यांतले अंतर त्यांच्याइतके आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हते. ते अंतर म्हणजे मुलगी न्यायाधीश होणे आणि न होणे, एवढे असते.

बिल आले. त्यात सेवाशुल्क आधीच धरलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून असे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली आणि २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वे वैध ठरवली. मी हे सौम्य शब्दांत सांगितले. बिल दुरुस्त होऊन आले. त्या शुल्कातले आपल्याला किती मिळते, हे जालन्याच्या मुलाला ठाऊक नव्हते. तेवढी रक्कम नव्या न्यायाधीशांनी त्याच्या हातात ठेवली.

पण गोष्ट बक्षिशीवर संपत नाही. प्रत्येक हॉटेलाला पुढचे दार असते तसे मागचेही असते. पुढच्या दाराने आपण संविधानामुळे आत आलो. मागच्या दाराने आत जाणारे कोण? खरकटे काढणारे, भांडी घासणारे, गटार उपसणारे. जून २०१९ मध्ये गुजरातेत डभोईजवळच्या एका हॉटेलात मैल्याची टाकी साफ करताना सात जण गुदमरून मेले. चार सफाई कामगार आणि तीन त्याच हॉटेलातले कर्मचारी. एक आत उतरला, वर आला नाही, म्हणून दुसरा उतरला. असे करीत सात जीव गेले. ते गाव वडोदरा जिल्ह्यात आहे. ज्या बडोद्यात १९१७ साली बाबासाहेबांना खोट्या नावाने जेवावे लागले, त्याच बडोद्याच्या परिसरात १०२ वर्षांनंतर हॉटेलातल्या जेवणाऱ्यांच्या पायाखाली माणसे अशी मेली. गटारात आणि मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांवाचून माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. कायदा आहे, निकाल आहे. टाकीपाशी उभे राहून तो विचारणारा माणूस हवा.

ऑलीज बार्बेक्यूचा दाखला येथे पुन्हा आठवावा. स्वयंपाकघरात कृष्णवर्णीय चालत, टेबलावर चालत नसत. आपण टेबलावर येऊन बसलो आणि स्वयंपाकघराकडे पाठ केली, तर त्या मालकात आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

मग जावे की न जावे?

जावे. जरूर जावे. कष्टाच्या, हक्काच्या पैशाने जावे. कर्ज काढून, पतसंस्थेचा हप्ता थकवून, शेजाऱ्याने केले म्हणून जाऊ नये. ती प्रतिष्ठा नव्हे, ते वेठबिगारीचे नवे रूप आहे. लग्नसमारंभातील उधळपट्टीवर बाबासाहेबांनी ओढलेले कोरडे हॉटेलच्या बिलालाही लागू आहेत. पण वर्षातून एखाद्या दिवशी, मोठ्या यशाच्या निमित्ताने, ज्या आईने आयुष्यभर दुसऱ्याची भांडी घासली तिला कुणी अदबीने वाढावे, असे लेकराला वाटले तर त्यात चळवळीचा कोणताही द्रोह नाही. साधेपणाचा उपदेश आधीच अर्धपोटी राहिलेल्या माणसाला करणे सोपे असते, आणि तो बहुधा भरल्या पोटाने केला जातो.

काही पथ्ये मात्र पाळावीत. टेबल राखताना आपले पूर्ण नाव सांगावे. पाणी साधे मागायचे असेल तर खणखणीत आवाजात मागावे. बरोबर वाहनचालक असेल तर त्याला गाडीत उपाशी ठेवून आपण आत पक्वान्ने झोडू नयेत. बिल वाचावे. सेवाशुल्काची बळजबरी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ताटातले उष्टे पिशवीत भरून बाहेरच्या मुलाच्या हातात कधीही ठेवू नये. उष्टे घ्यायचे नाही हे आपण महाडला शिकलो. ते द्यायचेही नाही, हा त्याच धड्याचा दुसरा अर्धा भाग. द्यायचेच असेल तर ताजे ताट मागवून द्यावे. आणि वाढणाऱ्याला 'ए' म्हणून हाक मारू नये. 'ए' म्हणजे काय असते, हे आपल्याइतके कुणाला कळणार?

जेथे कुणी जात पाहून अडवील, तेथे गोंधळ न घालता, घाबरून परतही न फिरता उभे राहावे. वेळ, ठिकाण, माणसांची नावे, साक्षीदार लिहून घ्यावेत आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तांकडे पाठवावी. ज्या समाजात वकील घरोघरी झाले आहेत, त्या समाजाने गप्प बसण्याला आता निमित्त उरलेले नाही.

आणखी एक ठिकाण आठवते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षेसाठी आलेले बाबासाहेब सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात उतरले होते. तेथेच १३ तारखेला त्यांनी पत्रकारांशी बोलणे केले आणि १४ तारखेला तेथूनच ते दीक्षाभूमीकडे निघाले. बडोद्यात नाव झाकून राहिलेला हाच माणूस. नागपुरात त्याला नाव झाकावे लागले नाही. त्याला पाहायला लाखोंची गर्दी लोटली होती. या दोन ठिकाणांमधले अंतर ३९ वर्षांचे आहे, आणि ते पैशाने कापलेले नाही. ते संघर्षाने आणि कायद्याने कापले आहे.

म्हणून मुलांनो, यशाच्या दिवशी खुशाल जा, पोटभर जेवा, आईवडिलांबरोबर फोटो काढा आणि आम्हा सगळ्यांना पाठवा. निघताना फक्त एक करा. ताटे उचलणाऱ्या मुलाला विचारा, त्याची नोकरी कायम आहे का, पगार हातात किती येतो, आणि या हॉटेलाची टाकी कोण उपसते. उत्तर चांगले आले नाही तर ते आम्हा वकिलांकडे घेऊन या.